एक मेंढी व्याली आणि २९९ माणसं आजारी पडली

मे २००३. जर्मनीतल्या झोस्ट शहराजवळ बाड झासेनडोर्फ नावाचं एक गाव आहे. तिथं शेतकऱ्यांचा बाजार भरला होता. बाजारात लोकांना पाहायला म्हणून काही जनावरंही आणली होती. त्यातली एक मेंढी बाजार सुरू असतानाच व्याली. माणसांच्या गर्दीत कोकरू जन्माला आलं म्हटल्यावर दोन मिनिटं थांबून कोण बघणार नाही? लोक थांबले, पाहिलं आणि पुढं गेले.

साधारण तीन आठवड्यांनी त्या भागातल्या डॉक्टरांकडे तापाचे रुग्ण यायला लागले. कडक ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कुणाला न्यूमोनिया. मोजदाद संपली तेव्हा आकडा २९९ वर गेला होता. शोध घेत घेत तपास त्या एका मेंढीपाशी पोचला. जे तिच्या जवळून गेले आणि जास्त वेळ रेंगाळले, त्यांना धोका जास्त होता. चावणं नाही, दूध पिणं नाही. बहुतेकांनी तिला हातही लावला नसेल. तिथल्या हवेत श्वास घेतला, एवढंच.

मेंढी स्वतः आजारी दिसत होती का? नाही. या लेखाचा सगळा विषय त्या उत्तरात आहे.

पशुवैद्यकाच्या पुस्तकात याला ‘जंतूंचं उत्सर्जन’ असा जड शब्द आहे. आपण साधं ‘जंतू सांडणं’ म्हणू. जनावराच्या अंगात जंतू असणं ही एक गोष्ट आणि त्यानं ते बाहेर सांडणं ही दुसरी. अंगात जंतू असलेलं जनावर महिनोन्‌महिने काहीच सांडत नाही, आणि मग एका रात्रीत इतकं सांडतं की अख्खा गोठा भरून जावा. शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत ही रात्र बहुतेक वेळा विण्याचीच असते.

त्या बाजारातल्या आजाराचं नाव क्यू ताप. नावातला ‘क्यू’ म्हणजे ‘क्वेरी’, प्रश्न. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातले कामगार एकामागून एक तापानं पडायला लागले. एडवर्ड डेरिक या डॉक्टरांना कारण सापडेना, म्हणून त्यांनी तापाला प्रश्नचिन्हाचंच नाव दिलं. पुढे जंतू सापडला, तेव्हा त्याला अमेरिकेतले कॉक्स आणि ऑस्ट्रेलियातले बर्नेट या दोन शास्त्रज्ञांच्या नावावरून कॉक्सिएला बर्नेटाय म्हणायला लागले. प्रश्न सुटला, प्रश्नचिन्ह मात्र नावात राहून गेलं.

हा जंतू राहतो कुठे, ते पाहण्यासारखं आहे. आपल्या आणि जनावरांच्या रक्तात काही पेशी राखणदारीचं काम करतात. बाहेरचा जंतू दिसला की त्या त्याला गिळतात आणि पेशीच्या आतल्या एका आम्लाच्या पिशवीत टाकतात. बहुतेक जंतू त्या आम्लात संपतात. कॉक्सिएलाला ते आम्लच मानवतं. तिथं बसून तो वाढतो. चोराला पोलीस चौकीतच भाड्यानं खोली मिळावी, तसा प्रकार.

शेळी गाभण नसेल तर हा जंतू तिच्या अंगात गुपचूप पडून राहतो. ती खाते-पिते, रवंथ करते, काही कळत नाही. गाभण राहिली की त्याला दुसरी, याहून चांगली जागा मिळते. वार. काही भागांत तिला जार म्हणतात. पोटातल्या पिल्लाला आईच्या रक्तातून अन्न पोचवणाऱ्या वारेच्या पेशींत तो बेसुमार वाढतो. दिवस भरत येतात तसा त्याचा साठाही भरत जातो. विताना वार बाहेर पडते तेव्हा तिच्या एका ग्रॅममध्ये १०० कोटींपर्यंत जंतू असू शकतात. माणसाला आजारी पाडायला मात्र दहाच्या आतबाहेर जंतू पुरतात. हिशेब केला तर एका ग्रॅमभर वारेत दहा कोटी माणसांची सोय झाली. हा हिशेब कागदावरचा. वाऱ्यानं पातळ होऊन, इकडेतिकडे पडून त्यातला नगण्य भागच कुणाच्या फुप्फुसात पोचतो. तरी त्या बाजारात जे झालं ते कसं झालं, हे यावरून समजतं.

बाहेर पडल्यावरही तो लगेच मरत नाही. पेशीबाहेर तो एक बारीक, टणक रूप घेतो. ज्वारीचं बी जसं कोरडं असताना वर्षभर टिकतं, तसं हे रूप धुळीत, लोकरीत, खतात महिनोन्‌महिने टिकतं. उन्हानं माती वाळली, वारा सुटला की धुळीबरोबर उठतं. किती चिवट, त्याचं एक उदाहरण डेअरीवाल्यांना माहीत असेल. दूध पाश्चराइझ करताना अर्धा तास ६२.८ अंशांवर ठेवायचं असा एक जुना नियम आहे. अमेरिकेत आधी हा आकडा सुमारे एका अंशानं कमी होता. तेवढ्या उष्णतेत कॉक्सिएला तगून राहू शकतो असं दिसल्यावर १९५६ मध्ये तो वाढवला. म्हणजे त्या आकड्यामागे हाच जंतू आहे.

आता लक्षणांकडे वळू, कारण शेळीपालकाची फसगत इथंच होते. क्यू तापाची शेळी शेवटच्या महिन्यात गाभडते, मेलेलं पिल्लू देते किंवा करडू इतकं अशक्त जन्मतं की उभं राहत नाही. मेंढ्यांमध्ये गाभडण्याचं प्रमाण शेळ्यांपेक्षा कमी. पण गाभडलेलं जनावर निदान दिसतं तरी. त्याच कळपात एखादी शेळी दिवस भरून, दोन गुटगुटीत करडं देऊन मोकळी होते आणि तिच्या वारेतही तेच जंतू असू शकतात. मालक गाभडलेल्या शेळीची वार हातमोजे घालून पुरतो आणि या शेळीची उकिरड्यावर फेकतो. कुत्रं ती ओढत गावभर नेतं.

वारेखेरीज इतर वाटाही आहेत: गर्भजल, विल्यानंतरचा स्राव, लेंडी, लघवी, दूध. यातही प्राणी-प्राण्यांत फरक आहे. शेळीच्या दुधातून जंतू बराच काळ येत राहतात. मेंढीच्या दुधात कमी, पण लेंडीतून आणि स्रावातून जास्त. गायीत उलट, दूध हीच मुख्य वाट. एकच जंतू, पण गोठ्यात काय सांभाळायचं ते जनावरावर अवलंबून.

मग सरळ तपासणी करून घ्यावी आणि ‘वाईट’ जनावरं बाजूला काढावीत, असं कुणालाही वाटेल. इथं गुंता आहे. रक्ताची चाचणी सांगते की या शेळीच्या शरीरानं कधी तरी या जंतूशी लढा दिला आहे. ती आज जंतू सांडते आहे का, हे ती चाचणी सांगत नाही. रक्त ‘पॉझिटिव्ह’ असलेली शेळी कधी काहीच सांडत नसते, आणि रक्त ‘निगेटिव्ह’ असलेली नव्यानं लागण झालेली शेळी कधी सांडत असते. थेट जंतू शोधणारी पीसीआर चाचणी स्रावावर किंवा दुधावर करता येते, पण सांडणं सलग नसतं. आज सापडेल, पुढच्या आठवड्यात नाही, पुढच्या वेताला पुन्हा. एका चाचणीवर एका शेळीला निर्दोष ठरवता येत नाही. म्हणून जाणकार पशुवैद्य एका शेळीपेक्षा पूर्ण कळपाचं बघतात: किती गाभडल्या, टाकीतल्या एकत्र दुधात जंतू आहे का, विण्याचा हंगाम कधी. आपल्याकडे ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ म्हटलं की विषय संपतो. या आजारात तो तिथं संपत नाही.

हा गुंता एका अख्ख्या देशाला केवढ्याला पडला, ते नेदरलँड्समध्ये पाहायला मिळालं.

१९८४ मध्ये युरोपात गायीच्या दुधावर कोटा आला. ठरलेल्यापेक्षा जास्त दूध काढलं तर दंड. डच शेतकऱ्यांनी वाट काढली: शेळी. तिच्यावर कोटा नव्हता आणि तिच्या चीजला मागणी वाढत होती. काही हजार दुभत्या शेळ्या होत्या, त्या पंचवीस वर्षांत साडेतीन लाखांपुढे गेल्या. त्यांतल्या बऱ्याच दक्षिणेकडच्या नोर्ड-ब्राबांट प्रांतात, जिथं गावं एकमेकांना खेटून आहेत. एका छपराखाली शेकडो, कधी हजारावर शेळ्या. बाजू उघड्या, खाली पेंढ्याचा थर, त्यावर पेंढा, पुन्हा पेंढा. सगळ्या शेळ्या जवळजवळ एकाच वेळी, हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत, वितात. आमच्या मते खरी मेख इथं आहे. पाच शेळ्यांच्या घरी वर्षातून चार-पाच वेळा वार पडते, तीही वेगवेगळ्या दिवशी. तिथं काही आठवड्यांत शेकडो वेळा पडत होती, आणि खालचा पेंढा ते सगळं शोषून घेत होता.

२००५ पासून काही गोठ्यांत शेळ्या मोठ्या प्रमाणावर गाभडायला लागल्या. काही ठिकाणी निम्म्याहून अधिक. २००७ च्या उन्हाळ्याआधी हेर्पेन नावाच्या छोट्या गावात न्यूमोनियाचे जरा जास्तच रुग्ण दिसू लागले आणि गावच्या डॉक्टरांना शंका आली. त्या वर्षी देशात १६८ रुग्ण नोंदले गेले. पुढच्या वर्षी १,०००. त्याच्या पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, २,३५४. गोठ्यापासून दोन किलोमीटरांच्या आत राहणाऱ्यांना पाच किलोमीटरांपलीकडच्या लोकांपेक्षा सुमारे तीसपट धोका होता, असं एका बाधित गोठ्याच्या अभ्यासात दिसलं. ही माणसं शेतकरी नव्हती. कुणी सायकलवरून जाणारं, कुणी दोरीवर कपडे वाळत घालणारं.

हे सगळं चालू असताना दोन सरकारी खाती एकमेकांकडे बघत होती. आरोग्य खात्याच्या लोकांना कोणत्या गोठ्यात आजार आहे तो पत्ता हवा होता. शेती खात्याचं म्हणणं, शेतकऱ्याची माहिती खासगी आहे. म्हणजे शेजारी आजारी पडत होते, पण शेजारच्या कोणत्या गोठ्यातून हे येतंय ते त्यांना कळत नव्हतं. आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल.

नियम आले ते टप्प्याटप्प्यानं. आधी शेळ्या गाभडल्याची माहिती देणं बंधनकारक झालं. मग विण्याच्या हंगामानंतर महिनाभर गोठ्यातलं खत हलवायचं नाही, हलवलं तर झाकून न्यायचं. मग लस. आणि शेवटी डिसेंबर २००९ मध्ये सरकारनं ठरवलं की बाधित गोठ्यांतल्या सगळ्या गाभण शेळ्या-मेंढ्या मारायच्या. लस दिलेल्या असल्या तरी. ५० हजारांहून अधिक जनावरं मारली गेली. लस दिलेल्याही का? कारण तोच जुना गुंता: रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ती द्रव्यं, लसीमुळे आली की आजारामुळे, हे सांगता येत नव्हतं. आणि आधीच लागण झालेल्या शेळीला लस दिली तरी ती सांडायची थांबेलच याची खात्री नव्हती. ही लस पहिल्यांदा गाभण राहायच्या आधी, जंतू अंगात शिरायच्या आधी दिली तरच खरं काम करते. हंगाम डोक्यावर आला होता. वाट बघितली असती तर जानेवारीपासून शेळ्या पुन्हा व्यायला लागल्या असत्या.

साथ ओसरली. २००७ ते २०१० या काळात मिळून ४,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. खरी लागण त्याहून कितीतरी पट, कारण निम्म्याहून अधिक लोकांना लागण होऊनही काही जाणवत नाही. पण थोड्या लोकांत, शंभरात एक ते पाच, हा जंतू दडून राहतो आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी हृदयाच्या झडपेवर किंवा मोठ्या रक्तवाहिनीवर बसतो. आधीच झडप खराब असलेल्यांना, रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालेल्यांना हा धोका जास्त. अशा रुग्णांना दीड वर्ष किंवा अधिक काळ औषधं घ्यावी लागतात. नेदरलँड्समध्ये साथ संपल्यावरही माणसं मरत राहिली ती यामुळे. शिवाय ताप गेला, जंतू गेला, तरी थकवा वर्षानुवर्षं जात नाही असे कितीतरी.

मेंढ्या मोकळ्या फिरतात तिथं हे होत नाही, असं समजू नका. स्वित्झर्लंडमधल्या व्हाल द बान्य नावाच्या खोऱ्यात १९८३ च्या शरद ऋतूत डोंगरावर चरायला गेलेले कळप नेहमीप्रमाणे खाली उतरले. गावांतून जाणाऱ्या रस्त्यांनी. पाठोपाठ खोऱ्यात चारशेहून अधिक लोक क्यू तापानं आजारी पडले, आणि ते जास्त करून त्या रस्त्यांवरच्या गावांतले होते.

दुसऱ्या एका जंतूची गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे तो अधिक ओळखीचा आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक वर्षानुवर्षं एका रेंगाळणाऱ्या तापानं पडायचे. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. घाम, सांधेदुखी, महिनोन्‌महिने अंथरूण. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी जंतू शोधला. त्यांच्या नावावरून तो ब्रुसेला. पण तो माणसात येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली. हवा, पाणी, गटारं, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेळ्यांवर कुणी घेईना, कारण त्या धडधाकट होत्या. माल्टात गवळी शेळ्या घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकासमोर दूध काढून देत. यापेक्षा ताजं आणि शुद्ध काय असणार? १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. अनेक शेळ्यांत लागण निघाली, आणि काहींच्या दुधात थेट जंतू.

त्याच वर्षी ‘जोशुआ निकोल्सन’ नावाच्या जहाजातून माल्टाच्या उत्तम शेळ्या अमेरिकेला रवाना झाल्या. वाटेत खलाशांनी मनसोक्त दूध प्यायलं. पिणारे बहुतेक आजारी पडले. शेळ्या ठणठणीत. पुढं सैनिकांच्या जेवणातून शेळीचं दूध बंद केलं, आणि दरवर्षी शेकड्यांनी येणारे रुग्ण दोन वर्षांत बोटांवर मोजण्याइतके राहिले.

ब्रुसेलाही गाभण जनावराच्या वारेत वाढतो, तोही विताना आणि गाभडताना ढिगानं सांडतो. आपल्याकडे या आजाराला सांसर्गिक गर्भपात म्हणतात आणि बहुतेकांच्या डोक्यात तो गायी-म्हशींचा आजार आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या लसीकरण कार्यक्रमातही ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या गायी-म्हशींच्या कालवडी-पारड्यांना आहे. माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारी ब्रुसेलाची जात मात्र शेळ्या-मेंढ्यांची. त्याच वर्षीच्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीवर आणि मेंढ्या २६ लाखांवर होत्या. त्यांतल्या बऱ्याच दोन-चार शेळ्यांच्या घरच्या, किंवा धनगरांच्या वाड्याबरोबर चालणाऱ्या. डच गोठ्यासारखी गर्दी आपल्याकडे नाही, हे आपल्या बाजूचं. पण त्यांच्याकडे शेळी निदान घराबाहेर, गोठ्यात तरी विते. आपल्याकडे पावसापाण्याच्या रात्री शेळी घरात घेतात, अडली तर घरातली बाई साध्या हातानं पिल्लू ओढते, नाकातोंडातला चिकटा बोटानं काढते. काही जण तोंडानं फुंकरही मारतात. पिल्लू वाचवण्याची ती माया आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण नेमकं त्याच वेळी सांडणं सर्वांत जास्त असतं, आणि बोटाला चीर असेल तर ब्रुसेलाला तेवढी वाट पुरते.

करायचं काय, ते फार खर्चाचं नाही. विताना रबरी हातमोजे, नसले तर हाताला घट्ट बांधलेल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि नाका-तोंडावर फडकं किंवा मास्क. शेळी नीट व्याली असो की गाभडली असो, वार आणि तिच्याखालचं भिजलेलं गवत खोल खड्ड्यात, वर चुना, कुत्र्यानं उकरू नये म्हणून त्यावर दगड. गाभडलेली शेळी काही आठवडे वेगळी. लेंडीखत कोरडं असताना झाडू नये, थोडं पाणी मारावं. गरोदर बाईनं शेळी विण्याच्या जागी जाऊ नये. हे क्यू ताप आणि ब्रुसेला दोन्हींसाठी खरं आहेच, शिवाय मेंढ्यांत गर्भपात घडवणारा क्लॅमिडियाचा एक जंतू आहे, तो गरोदर बाईच्या वारेवरही हल्ला करतो. त्याची चलाखी अशी की या हंगामात लागण झालेली मेंढी बहुतेकदा पुढच्या हंगामात गाभडते. तोपर्यंत ती दुसऱ्याच्या कळपात विकली गेलेली असते.

दुधाचं म्हणाल तर आपल्याकडे दूध उकळायची सवय घराघरांत आहे आणि तिनं आपल्याला किती वाचवलंय याची मोजदाद नाही. एक उकळी आली की ब्रुसेलाही गेला आणि कॉक्सिएलाही. अडचण डेंग्यूच्या दिवसांत होते. प्लेटलेट वाढतात म्हणून शेळीच्या दुधाला अचानक भाव चढतो आणि ‘कच्चंच घ्या, उकळलं की गुण जातो’ असं कुणीतरी सांगतं. प्लेटलेटचा पुरावा राहू द्या. पण आधीच तापानं खचलेल्या माणसाला अनोळखी शेळीचं कच्चं दूध देणं म्हणजे जहाजावरच्या त्या खलाशांसारखंच झालं.

आणि घरी शेळ्या-मेंढ्या असतील, दोन-तीन आठवडे ताप हटत नसेल, टायफॉइडची औषधं होऊन गेली असतील, पाठ-कंबर धरली असेल, रात्री घामानं अंथरूण भिजत असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. ब्रुसेलाचं निदान झालं तर साधारण सहा आठवडे दोन औषधं एकत्र घ्यावी लागतात, आणि बरं वाटलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात सोडली तर ताप परततो. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाताना चिठ्ठीवरही लिहायला सांगा: घरी शेळ्या आहेत. ब्रुसेला हळू वाढतो, म्हणून रक्तातला जंतू वाढवून बघायची प्रयोगशाळेतली बशी नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवावी लागते. शिवाय ती उघडणाऱ्या तंत्रज्ञालाही श्वासातून तोच आजार होऊ शकतो.